मुंबईच्या बाल्कनीत उभ्या कुंड्यांतील स्ट्रॉबेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की रेल्वे स्थानकांबाहेर हातगाड्यांवर स्ट्रॉबेरीचे डबे मांडले जातात आणि त्याच सुमारास 'ही घरी लावता येईल का' अशी विचारणाही सुरू होते. गेल्या काही हंगामांत शेजारीपाजारी आणि परिचितांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती मुंबईच्या हवेसाठी आणि मुंबईच्या घरांसाठी लिहिलेली आहेत. पुणे किंवा नाशिक येथील वाचकांना तारखा आणि सावधगिरी दोन्ही थोडी सैल करता येतील.

मुंबईत घरी स्ट्रॉबेरी खरोखर येते का?

येते, मात्र तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवावे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, तेथील तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही आणि हिवाळ्यातील रात्री चांगल्याच गार असतात. देशातील स्ट्रॉबेरीचा सर्वांत मोठा वाटा तेथूनच येतो आणि २०१० मध्ये तेथील स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मुंबईत जानेवारीचे सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास आणि कमाल ३१ अंशांच्या आसपास असते. स्ट्रॉबेरीला दिवसा २० ते २५ आणि रात्री १० ते १५ अंश मानवतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात आपण कपाटातून स्वेटर काढतो आणि दोनदा घालून परत ठेवतो, तोच या रोपाच्या दृष्टीने मुंबईतील खरा हिवाळा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. बाजारात मिळणारे बहुतेक वाण दिवस लहान असतानाच कळ्या धरतात आणि ही मर्यादा ढोबळमानाने १४ तासांची मानली जाते. मुंबईत जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच असतो आणि डिसेंबरमध्ये तो ११ तासांवर येतो. त्यामुळे येथे अडचण दिवसाच्या लांबीची नसून उकाड्याची, त्यातही रात्रीच्या उकाड्याची आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे साडेतीन महिने हाच आपला हंगाम, हे मान्य केले की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप सुचतात.

साध्या कुंड्या सोडून उभी रचना कशासाठी करावी?

जागेसाठी, आणि स्ट्रॉबेरीच्या मुळांसाठी. या रोपाची बहुतेक मुळे वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच राहतात, त्यामुळे खोल कुंडीतील खालची अर्धी माती नुसती ओली राहून आंबते. तेवढेच माध्यम (रोप लावायचे मातीचे मिश्रण) लहान लहान कप्प्यांत विभागून एकावर एक रचले, तर दीड चौरस फुटात आठ-नऊ रोपे सहज बसतात. फळे मातीला न टेकता हवेत लोंबकळतात, त्यामुळे ती कुजत नाहीत, आणि पानांखाली वाकून पाहणे सोपे जाते. तिसरे कारण खास मुंबईचे आहे : बाल्कनीच्या कठड्यामुळे जमिनीवरील कुंडीला ऊन मिळत नाही, ते कमरेच्या उंचीवर मिळते.

तरीही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की उभ्या रचनेने जागेचा प्रश्न सुटतो, हवेचा सुटत नाही, आणि पाण्याचा तर थोडा वाढतोच. चार-पाच रोपेच लावायची असतील, तर ग्रिलमध्ये ठेवलेल्या सहा-सात इंची लांबट कुंड्या अधिक बऱ्या.

कोणत्या प्रकारचा मनोरा घ्यावा?

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पाकळ्यांसारखे चार-चार कप्पे असलेल्या आणि एकावर एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या कुंड्या. भिंतीला टांगायचे कापडी खिसे. आणि भोके पाडून घरी तयार केलेला पीव्हीसी पाईप. नवशिक्यांनी पहिला प्रकार घ्यावा, कारण त्यात प्रत्येक रोपाला स्वतंत्र वाफा मिळतो आणि एखादे रोप मेले तर ते बाकीच्यांना धक्का न लावता बदलता येते. मात्र पाच मजल्यांचा संच मिळाला तरी चारच मजले लावावेत. सर्वांत वरचा मजला फार लवकर वाळतो. कापडी खिसे दिसायला सुंदर असले तरी मुंबईच्या दुपारी इतक्या वेगाने सुकतात की नोकरदार माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पाईपचा मनोरा करायचा असल्यास व्यासात काटकसर करू नये. ११० मिलिमीटर व्यासाच्या, साडेतीन फूट उंचीच्या पाईपमध्ये जेमतेम नऊ लीटर माध्यम मावते; दहा रोपे लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक लीटरही येत नाही. त्याच उंचीच्या १६० मिलिमीटर पाईपमध्ये १८ ते १९ लीटर माध्यम मावते आणि नऊ रोपांना प्रत्येकी दोन लीटर मिळते. हा फरक नोव्हेंबरमध्ये जाणवत नाही, पण फेब्रुवारीतील पहिल्या गरम दुपारी तो ठळकपणे दिसून येतो. भोके पाच सेंटिमीटर व्यासाची, एकाच ओळीत एकमेकांपासून किमान २५ सेंटिमीटर अंतरावर आणि शेजारच्या ओळीत मधोमध येतील अशी पाडावीत. प्लंबरकडे किंवा सुताराकडे गोल भोके पाडायचे ब्लेड असते, त्याच्याकडून ती दहा मिनिटांत पाडून मिळतात. पाईप गरम करून खिसे बाहेर काढण्याची पद्धत दिसायला सोपी वाटते, पण तापलेल्या पीव्हीसीचा धूर घातक असतो, त्यामुळे बंद खोलीत हा उद्योग मुळीच करू नये.

बाल्कनी कोणत्या दिशेची असावी?

दक्षिणेची उत्तम, पूर्वेची चांगली, पश्चिमेची चालवून घेण्याजोगी, उत्तरेची नाही. डिसेंबरमध्ये मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडील बाल्कनीत ऊन तिरके होऊन आतपर्यंत येते. मे महिन्यात ज्या बाल्कनीत उन्हाचा कवडसाही पडत नाही, तीच जानेवारीत स्ट्रॉबेरीसाठी योग्य ठरू शकते. म्हणून उन्हाची पाहणी उन्हाळ्यात न करता नोव्हेंबरमध्ये करावी. किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. समोर नवीन टोलेजंग इमारत उभी राहत असेल तर तिची सावलीही हिशेबात धरावी. मुंबईत गेल्या वर्षीचे ऊन यंदा असेलच असे नाही.

मनोऱ्याची भिंतीकडील बाजू नेहमी उपाशी राहते. दर दोन-तीन दिवसांनी मनोरा पाव फेरा फिरवावा. त्यासाठी तळाशी चाके असलेला कुंडीचा पाट मिळतो, तो घेतलेला बरा.

रोपे केव्हा आणि कोठून आणावीत?

महाबळेश्वरकडे लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. अनेक जण तेच वेळापत्रक मुंबईत वापरतात आणि ऑक्टोबर हीटमध्ये रोपे होरपळतात. आपल्याकडे दिवाळी आटोपल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लावणी करावी. डिसेंबरच्या मध्यानंतर लावलेल्या रोपाला पाने भरपूर येतात, पण फळ धरायच्या सुमारास उकाडा सुरू होतो. राणीच्या बागेत साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत भरणारे महानगरपालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन पाहून उत्साहाने स्ट्रॉबेरी आणणाऱ्यांना हे आधी कोणीतरी सांगायला हवे.

मुंबईतील मोठ्या रोपवाटिकांत नोव्हेंबरपासून वाई-महाबळेश्वरकडील रोपे पिशवीत किंवा ट्रेमध्ये मिळू लागतात. रोप निवडताना फळ लागलेले मोठे रोप टाळावे; त्याची शक्ती त्या एका फळात खर्च झालेली असते. तीन-चार निरोगी पाने, मधला कोवळा कोंब ताजा आणि पिशवी उलटी केल्यावर पांढरट मुळे दिसत असतील तर ते रोप घ्यावे. काळपट, मऊ पडलेली मुळे असतील तर स्वस्त असले तरी नको.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांपासून रोपे तयार होत नाहीत का?

होतात, पण त्या वाटेला जाऊ नये. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी रानटी जातींच्या संकरातून जन्मली, त्यामुळे बीपासून आलेले रोप आईसारखे निघेल याची खात्री नसते. बी रुजायला दोन ते सहा आठवडे लागतात, रोप हाताशी येईपर्यंत काही महिने जातात आणि मुंबईचा हंगाम तोवर उलटलेला असतो. मीही एकदा एका संकेतस्थळावरून बियांचे पाकीट मागवले होते. पाकिटावरील चित्रात निळ्या स्ट्रॉबेरी होत्या, आणि तेवढ्यावरून मला शहाणपण यायला हवे होते, कारण निळी स्ट्रॉबेरी जगात कोठेही पिकत नाही. त्यातून जे उगवले त्याची पाने दोन महिन्यांनी स्पष्टपणे राजगिऱ्याची निघाली. भाजी मात्र चांगली झाली.

मुंबईसाठी कोणता वाण योग्य आहे?

थंडीची फारशी वाट न पाहता लवकर फुलणारा. 'स्वीट चार्ली' आणि 'विंटर डॉन' हे दोन्ही वाण अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने तेथील सौम्य हिवाळ्यासाठी तयार केलेले आहेत आणि आपल्याकडेही ते लावले जातात. कॅलिफोर्नियातील 'कॅमारोझा' मोठे, टणक आणि वाहतुकीला सोयीचे फळ देतो, पण ते तुलनेने उशिरा येते. बाल्कनीतील फळाला ट्रकने प्रवास करायचा नसल्यामुळे टणकपणाचे आपल्याला काय काम? पहिली पसंती 'स्वीट चार्ली'ला द्यावी. रोपवाटिकेत वाणाचे नाव विचारल्यावर 'महाबळेश्वरी' असे उत्तर मिळाले, तर ते गावाचे नाव आहे, वाणाचे नाही.

माती कशी तयार करावी?

नुसती लाल माती उभ्या रचनेत भरू नये. ती जड असते आणि काही आठवड्यांत खाली बसून घट्ट होते. चार भाग कोकोपीट, तीन भाग चांगले चाळलेले गांडूळखत, दोन भाग लाल माती आणि एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे) किंवा भाताचा तूस, हे मिश्रण पुरेसे हलके होते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्यावे. नारळाच्या काथ्यात मीठ असते आणि खारटपणा सहन न होणाऱ्या पिकांत स्ट्रॉबेरीचा क्रमांक फार वरचा आहे. धुतलेले पाणी चहाच्या रंगाचे निघते. तो रंग फिकट झाला की पुरे. शेणखत वापरायचे असल्यास ते पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतामुळे मुळे भाजतात आणि बाल्कनीत चिलटांचा सुकाळ होतो. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ असावा, म्हणून राख किंवा चुना मिसळू नये.

लावताना विशेष काळजी कशाची घ्यावी?

क्राऊनची, म्हणजे मुळांच्या वर आणि पानांच्या खाली असलेल्या आखूड गड्ड्याची. तो मातीच्या पृष्ठभागाच्या बरोबर पातळीवर असावा. गाडला गेला तर कोंब कुजतो, उघडा राहिला तर मुळे वाळतात. पाईपच्या भोकातून रोप आडवे लावताना हमखास चूक होते, कारण पहिल्या चार-पाच पाण्यांत माध्यम दोन बोटे खाली बसते आणि रोप त्याच्याबरोबर आत ओढले जाते. म्हणून माध्यम भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे, हाताने दाबावे, पाणी द्यावे, बसू द्यावे आणि मगच रोप ठेवून पुढचा थर भरावा. हे काम एका संध्याकाळी उरकण्याचे नाही. दोन दिवस द्यावेत. लावणी ऊन उतरल्यावर करावी आणि पुढचे चार दिवस रोपांना फक्त सकाळचे ऊन द्यावे.

वरची रोपे वाळतात आणि खालची कुजतात, हे का होते?

उभ्या रचनेतील सर्वांत जुनी तक्रार हीच आहे. पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली जाते आणि तळाशी साचते. वरचा भाग ऊन-वाऱ्यात आधी सुकतो. वरून झारीने कितीही पाणी घातले तरी ते ज्या वाटेने एकदा गेले, त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाते, आणि शेजारचे माध्यम कोरडेच राहते.

माझा पहिला पाईप जानेवारीच्या अखेरीस मी उभा चिरून पाहिला होता. वरचा वीतभर भाग हाताने चुरडला तर भुसा होऊन उडत होता. मधोमध पाण्याची एक काळपट वाट स्पष्ट दिसत होती, जणू भिंतीवरून गळतीचा ओघळ आलेला. आणि तळाच्या सहा इंचांत माध्यमाचा काळा चिखल झाला होता, नाल्याच्या वासाचा. तेथील दोन रोपांची मुळे ओढताच सालासकट हातात आली. सहा आठवडे मी रोज इमानेइतबारे एक तांब्या पाणी घालत होतो.

उपाय असा. मनोऱ्याच्या मध्यभागी २० मिलिमीटर जाडीचा पाईप उभा ठेवावा, त्याचे खालचे तोंड टोपीने बंद करावे आणि त्याला बारीक छिद्रे पाडावीत. ही छिद्रे सर्वत्र सारखी असू नयेत : वरच्या तिसऱ्या भागात दाट, मधल्या भागात विरळ आणि खालच्या तिसऱ्या भागात मुळीच नकोत, कारण खाली पाणी आपणहून पोहोचते. छिद्रांत माती शिरू नये म्हणून त्या पाईपवर मच्छरदाणीचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळावा. मनोऱ्याच्या तळाशी चार बोटे विटांचे तुकडे घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण केवळ त्याने निचरा सुधारत नाही. तळाला मोठी भोके असणे आणि मनोरा जमिनीपासून दोन विटा उचललेला असणे अधिक महत्त्वाचे आहे.

पाणी सकाळी द्यावे, तळातून थेंब पडू लागले की थांबावे. नऊ रोपांच्या पाईपला डिसेंबरमध्ये दिवसाला साधारण दीड लीटर पुरते आणि फेब्रुवारीत ते दुप्पट होऊ शकते, पण आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. वरच्या आणि खालच्या भोकात बोटाचे दुसरे पेर बुडेपर्यंत चाचपून पाहावे. वर कोरडे आणि खाली ओले असेल, तर त्या दिवशी फक्त वरच्या दोन मजल्यांना हाताने पाणी द्यावे.

नळाचे पाणी चालते का? टँकरचे?

तलावांतून येणारे महानगरपालिकेचे पाणी कमी क्षारांचे असते आणि स्ट्रॉबेरीला ते उत्तम मानवते. बादलीत रात्रभर उघडे ठेवल्यास क्लोरिनही बरेचसे उडून जाते. बोअरवेलचे आणि अनेक ठिकाणी टँकरचे पाणी मात्र खारट असते. पानांच्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या कुरकुरीत होऊ लागल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला, की खत कमी पडले असे समजून आणखी खत घालण्याची चूक करू नये. तो मिठाचा त्रास असतो. अशा वेळी भरपूर गोड्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक गृहिणी ते कुंड्यांना घालतात. मनी प्लांट ते सोसतो, स्ट्रॉबेरी सोसत नाही. त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. त्याने लादी पुसावी.

खत कोणते आणि किती द्यावे?

लावणीनंतर पहिले दोन आठवडे काहीही देऊ नये. त्यानंतर कळ्या दिसेपर्यंत दर दहा दिवसांनी १९:१९:१९ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लीटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. कळ्या दिसल्यावर नत्र कमी करावे, अन्यथा पाने तळहाताएवढी होतात आणि फळांचा पत्ता नसतो. या टप्प्यावर ०:५२:३४ आणि फळे भरताना १३:०:४५ आलटून पालटून त्याच प्रमाणात द्यावे. कोवळ्या पानांची टोके जळाल्यासारखी काळी पडत असतील तर कॅल्शियम कमी पडत आहे असे समजावे आणि कॅल्शियम नायट्रेट लीटरला एक ग्रॅम या प्रमाणात स्वतंत्रपणे द्यावे. ते ०:५२:३४ बरोबर एकाच बादलीत कालवले की पाणी दुधासारखे पांढरे होते, साका तळाशी बसतो आणि दोन्ही खते वाया जातात.

ज्यांना रासायनिक खते नको आहेत त्यांनी गांडूळखताचे पाणी आठवड्यातून एकदा द्यावे. फळे थोडी कमी येतील, पण येतील. चहाचा चोथा, केळीची साल आणि अंड्याची टरफले थेट मनोऱ्यात घालण्याविषयी रोज विचारणा होते. त्याने स्ट्रॉबेरीपेक्षा झुरळांचे अधिक पोषण होते.

फुले येतात पण फळे वेडीवाकडी किंवा अर्धीच भरतात. हा रोग आहे का?

रोग नाही, परागीभवन अपुरे पडले आहे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक पिवळसर दाणे दिसतात, तीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे. आपण खातो तो त्यांच्या खालचा फुगलेला गाभा. ज्या दाण्याचे फलन होते, तो दाणा संप्रेरक सोडून आपल्या आसपासचा गर फुगवतो. ज्या बाजूचे फलन झालेले नसते ती बाजू कडक, हिरवी आणि चेपलेली राहते. शेतात हे काम वारा आणि मधमाश्या करतात. चौदाव्या मजल्यावरील जाळी लावलेल्या बाल्कनीत मधमाशी कोठून येणार?

रंगकामाचा शून्य किंवा एक नंबरचा मऊ ब्रश घ्यावा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, पाकळ्या पूर्ण उघडलेल्या असताना, आधी बाहेरच्या पिवळ्या पुंकेसरांवरून आणि मग मधल्या हिरवट घुमटावरून तो दोन-तीन वेळा गोल फिरवावा. ब्रशच्या टोकाला पिवळी पूड लागली की काम होत आहे असे समजावे. एकच फूल सलग तीन दिवस असे हाताळावे, कारण घुमटावरील सगळी टोके एकाच दिवशी तयार होत नाहीत. कडेची आधी, शेंड्याची नंतर. ब्रशने भागत नाही असे वाटले तर टेबलफॅन मंद गतीवर दहा मिनिटे लावावा.

फुलापासून लाल फळापर्यंत गार हवेत महिनाभर लागतो. मुंबईत ते तीन-साडेतीन आठवड्यांतच पिकते, आणि या घाईमुळेच ते लहान राहते.

पहिली फुले खुडून टाकावीत का?

लावणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आलेली खुडावीत. त्यानंतरची एकही नाही. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

लांब दोरीसारखे फुटवे येतात त्यांचे काय करावे?

त्यांना रनर म्हणतात. फळांचा हंगाम चालू असेपर्यंत ते दिसताच मुळाशी कापावेत, कारण ते फळांच्या तोंडचा घास पळवतात. उकाडा वाढला आणि खत नत्रयुक्त असले की ते जास्त येतात.

कोणत्या किडी आणि रोग येतात?

सर्वांत त्रासदायक लाल कोळी. पानांच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसू लागले, की पान उलटून खाली पांढरा कागद धरून झटकावे. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर निदान पक्के. कोरड्या हवेत आणि धुळीत हा कोळी झपाट्याने वाढतो, आणि आसपास बांधकाम चालू नाही अशी मुंबईत जागा उरलेली नाही. आठवड्यातून एकदा सकाळी पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. निम्मा बंदोबस्त तेवढ्यानेच होतो. उरलेल्यासाठी लीटरभर पाण्यात पाच मिलिलीटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. उघड्या फुलांवर फवारू नये.

मावा आणि मिलीबग (कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण) यांनाही हाच उपाय चालतो. मिलीबग थोडेच असतील तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. पानांवर पिठासारखा थर म्हणजे भुरी. त्या पानांना काढून टाकावे आणि मनोऱ्याभोवती हवा खेळती ठेवावी. फळावर राखाडी केसाळ बुरशी दिसली तर ते फळ लगेच तोडून ओल्या कचऱ्यात टाकावे, शेजारच्या फळाला लागेपर्यंत वाट पाहू नये. सगळी पाने हिरवी असताना एखादे रोप दुपारी माना टाकते आणि पाणी देऊनही संध्याकाळी सावरत नाही, तेव्हा क्राऊन कुजलेला असतो. ते रोप वाचत नाही.

कबुतरे आणि उंदीर फळे ठेवत नाहीत. काय करावे?

कबुतरांसाठी बाल्कनीची जाळी पुरेशी असते. ती नसेल तर मनोऱ्याभोवती मच्छरदाणीचे कापड सैलसर गुंडाळावे आणि सकाळी परागीभवनासाठी काढावे. कबुतरे फळे खातात त्यापेक्षा वरच्या कप्प्यात बसून रोपे मोडतात आणि विष्ठेने पाने जाळतात. बुलबुल आणि खार मात्र फळासाठीच येतात, आणि फळ पिकल्याचे त्यांना आपल्या आधी कळते. पिकू लागलेल्या एकेका घोसाला ऑर्गन्झाची छोटी पिशवी बांधणे हा खात्रीचा उपाय आहे. अशा पिशव्या लग्नकार्यात अत्तर-सुपारी देण्यासाठी वापरतात आणि बहुतेक घरांत त्या पडून असतात. उंदरांवर पिंजऱ्याखेरीज उपाय नाही. विष ठेवू नये.

सोसायटी हरकत घेईल का?

तीन बाबी सांभाळल्या तर सहसा वाद होत नाही. वजन : माध्यम भरलेला १६० मिलिमीटरचा एक पाईप ओला झाल्यावर १५ किलोच्या पुढे जातो. असे मनोरे बाल्कनीच्या लादीवर, भिंतीला तारेने बांधून ठेवावेत; इमारतीबाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये किंवा कठड्यावर कधीही नाही. गळती : तळाशी परात ठेवावी, म्हणजे खालच्या घराच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर खताचे पाणी जाणार नाही. डास : त्याच परातीत पाणी साचू दिले तर आठवडा-दीड आठवड्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते, म्हणून ती रोज रिकामी करावी. पालिकेचे कर्मचारी घरोघरी तपासणीला येतात तेव्हा पहिली नजर कुंड्यांखालच्या ताटल्यांवरच जाते.

उत्पन्न किती मिळते?

नऊ रोपांच्या एका मनोऱ्यातून माझ्याकडे बऱ्या हंगामात सगळी मिळून किलोभर फळे निघाली, वाईट हंगामात त्याच्या निम्मी. ती एकदम येत नाहीत. आज चार, परवा सहा अशी येतात. घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाहीत. मनोरा, माध्यम, रोपे आणि खते यांचा खर्च मांडला तर बाजारातील डबा पुष्कळ स्वस्त पडतो, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करू नये.

बाल्कनीतील स्ट्रॉबेरी आंबट का लागते?

बहुतेक वेळा ती लवकर तोडलेली असते. आंबा किंवा केळे काढून आढीत घालता येते. स्ट्रॉबेरीचे तसे नाही, तोडल्यानंतर ती गोड होत नाही. देठाजवळचा पांढरा भागही लाल झाल्यावर आणखी एक दिवस थांबावे आणि सकाळी, फळ गार असताना, देठ ठेवून कात्रीने कापावे. उष्ण रात्रींतही गोडी कमी होते, कारण दिवसा तयार झालेली साखर रोप रात्री स्वतःच वापरून टाकते. त्यामुळे जानेवारीतील फळ आणि मार्चमधील फळ एकाच रोपाचे असूनही चवीत मोठा फरक पडतो.

मार्चनंतर रोपांचे काय करावे? ती पुढच्या वर्षासाठी टिकतात का?

मुंबईत फेब्रुवारीतच एखाद्या आठवड्यात पूर्वेकडील कोरडे वारे सुटतात आणि पारा ३७ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत दुपारी बारा ते चार पांढरी ओढणी किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मनोऱ्यावर टाकली तर हंगाम दोन-तीन आठवड्यांनी लांबवता येतो. एप्रिल-मे मधील रात्री आणि जूनपासूनचा पाऊस या दोन्हींतून रोपे जगवण्याचे प्रयोग मी तीनदा केले. एकदाच दोन रोपे ऑगस्टपर्यंत तगली, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी एकही कळी धरली नाही. त्यामुळे दरवर्षी नवी रोपे आणावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी रोपे उपटल्यावर माध्यम ताडपत्रीवर पसरून एप्रिलच्या कडक उन्हात आठ दिवस वाळवावे, मुळांचे तुकडे वेचून काढावेत आणि एक तृतीयांश नवे गांडूळखत मिसळून ठेवावे. ज्या रोपांचे क्राऊन कुजले होते, त्यांच्या कप्प्यातील माध्यम मात्र परत वापरू नये. मनोरा पुढच्या लावणीपर्यंत रिकामा ठेवण्याची गरज नाही. त्याच भोकांत पुदिन्याच्या काड्या खोचल्या तर पावसाळाभर चटणीची सोय होते, फक्त ऑक्टोबरअखेर त्याची मुळे नीट खणून काढावी लागतात, कारण पुदिना एकदा शिरला की सहजी जागा सोडत नाही.